एकाच चाकाची हवा सारखी उतरते? आधी चाक बघा, मग रस्त्याला नावं ठेवा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात गाडी वापरणाऱ्यांची ठरलेली तक्रार: "पंक्चर काढून आणलं, चार दिवसांत परत हवा गेली." मग पंक्चरवाला बदलून बघायचा, टायर कंपनीला शिव्या घालायच्या, शेवटी वैतागून नवा टायर टाकायचा. आणि नव्या टायरचीही हवा उतरते. उतरणारच, कारण दोष टायरमध्ये नव्हताच.

म्हणून पहिला प्रश्न एवढाच: दरवेळी तेच चाक बसतंय, की वेगवेगळी चाकं? मोबाइलमध्ये दोन ओळी लिहून ठेवा, कुठलं चाक आणि किती पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) उतरलं. तेच चाक असेल तर गळती चाकातच आहे. चाकं बदलत असतील तर तुमच्या रोजच्या रस्त्याकडे आणि टायरच्या वयाकडे बघायला हवं. हे दोन वेगळे आजार आहेत, पण बहुतेक लोक दोन्हींवर एकच औषध करतात: स्ट्रिप (भोकात कोंबायची रबरी दोरी) घाला, हवा मारा, चला.

तेच चाक असेल तर

हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी मोजायची. किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. लहान गाड्यांना साधारण ३० ते ३५ पीएसआय लागते, पण अंदाजाने भरू नका. टायरच्या कडेवर जो जास्तीत जास्त दाबाचा आकडा छापलेला असतो, तो भरायचा आकडा नव्हे. पंपावरचा मुलगा बघितल्या गाडीला पस्तीस मारून मोकळा होतो, त्याला सांगून भरून घ्या.

एक गोष्ट गोव्याला जाऊन-येऊन करणाऱ्यांसाठी. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंच आहे. इथे ३२ भरून खाली पणजीत मोजली, तर तापमान तेवढंच असेल तर सुमारे एक पीएसआय कमी दिसते, कारण खाली बाहेरच्या हवेचा दाब जास्त असतो. उलट तापमान पाचसहा अंशांनी वाढलं की एक पीएसआय वाढते. गोव्याच्या उन्हाळ्यात दोन्हींची बेरीज-वजाबाकी होऊन काट्यावर फारसा फरक दिसतही नाही. सांगायचं कारण, चारही चाकांत सारखाच एक-दीडचा फरक असेल तर ती गळती नाही. तीन चाकं ३२ वर आणि एक २६ वर असेल तर आहे.

आता गळती शोधायची. सगळ्यात आधी व्हॉल्व्ह. टोपी काढून व्हॉल्व्हच्या तोंडावर साबणाच्या पाण्याचा थेंब ठेवा. (पंक्चरवाले थुंकी लावतात, कामाला तीही चालते.) बुडबुडा फुगला तर आतली पिन गेली. ती बदलायला चाक काढावंही लागत नाही. मग व्हॉल्व्हची रबरी दांडी बोटाने हलके वाकवून बुडाशी भेगा दिसतात का बघा. ऊन आणि वर्षं यांनी ते रबर कडक होतं, आणि गाडी पळताना दांडी बाहेर झुकली की भेग उघडते. उभ्या गाडीत काही कळत नाही, म्हणून हा दोष लपून राहतो. नवा टायर घालताना व्हॉल्व्ह नवाच घालून घ्या. दुकानदाराने जुनाच ठेवला तर नव्या टायरलाही जुनाच आजार लागतो.

व्हॉल्व्ह ठीक असेल तर चाक काढून पाण्याच्या टाकीत. इथे मात्र जवळ उभं राहून स्वतःच्या डोळ्यांनी बघा. खिळा असेल तर ट्रेडमधून, म्हणजे टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या खाचांच्या भागातून, एकामागून एक ठळक बुडबुडे येतात, ते कुणालाही दिसतात. रिमची गळती वेगळी दिसते. टायरची कड जिथे रिमवर बसते त्या रेषेवर मोहरीएवढे बुडबुडे चिकटून राहतात, हळूहळू मोठे होतात आणि मग एखादा सुटतो. दुकानात गर्दी असेल तर पोरगं चाक एकदा फिरवून "काय नाही" म्हणून बाहेर काढतं. पाणी संथ होऊ द्या, चाक थोडंथोडं फिरवा, प्रत्येक बाजू अर्धा मिनिट तरी पाण्याखाली राहू द्या. आतली बाजू सुद्धा. जुना, हातात कसब असलेला पंक्चरवाला असेल तर तो लगेच म्हणतो, "पंक्चर नाही ओ, रिमकडनं जाऊलाल्या हवा." असा माणूस सापडला तर त्याचा नंबर जपून ठेवा.

रिमकडून हवा का जाते? लोखंडी रिमला गंज चढतो, अलॉयचा रंग उडून खाली पांढरी पूड धरते. टायरची कड अशा खडबडीत जागेवर घट्ट बसत नाही. आपल्याकडे याला पोषक हवामान आहेच: जांबोटी, कणकुंबी बाजूचा धो-धो पाऊस, खानापूरचा लाल चिखल, आणि वर गोव्याच्या किनाऱ्यावरची खारी हवा. उपाय साधा आहे. टायर उतरवायचा, रिमची बैठक तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने चकाचक करायची, बीड सीलर (कड आणि रिममधली फट बुजवणारं रसायन) लावायचा आणि टायर परत चढवायचा. अर्ध्या तासाचं काम, पण पंक्चरवाले आपणहून सांगत नाहीत, कारण त्यात मेहनत जास्त आणि पैसे कमी.

त्याऐवजी दुसराच सल्ला मिळतो: "ट्यूब घालून देतो, टेन्शनच नको." नको. ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब घातली की रिमची गळती झाकली जाते, बरी होत नाही. टायर जास्त तापतो. आणि ट्यूबलेस टायरला खिळा लागला तर हवा हळूहळू जाते, गाडी बाजूला घ्यायला वेळ मिळतो. ट्यूब फाटली की एका झटक्यात टायर बसतो. गोव्याला जाताना चोर्ला घाटाच्या उतारावर यातला फरक फार मोठा आहे.

रिम वाकलेली असू शकते. रामनगर, अनमोडकडच्या पावसाळी खड्ड्यांत एकदा जोरात आदळलं की रिमच्या आतल्या कडेला दबका येतो. तो बाहेरून दिसत नाही. चाक बॅलन्सिंगच्या मशिनवर फिरवलं की डुलताना दिसतं. लोखंडी रिम ठोकून सरळ होते. अलॉयला केसासारखी चीर गेली असेल तर लोक वेल्डिंग करून घेतात. माझं मत विचाराल तर पुढच्या चाकाला वेल्डिंगची अलॉय कधीच वापरू नये, त्यापेक्षा साधी लोखंडी रिम घाला. खड्ड्यात आदळल्यावर टायरच्या कडेला फुगा आला असेल तर त्यावर कुठलाही उपाय नाही, आतले धागे तुटलेत. टायर बदलायचा.

स्ट्रिपबद्दलही एवढंच. दोरीसारखी स्ट्रिप फक्त ट्रेडच्या मधल्या भागात चालते, आणि तीही कामचलाऊ. भोक सहा मिलिमीटरपेक्षा मोठं असेल, खांद्यावर किंवा कडेला असेल, तर ती टिकत नाही. कायमचं काम करायचं तर टायर उतरवून आतून मशरूम पॅच (छत्रीच्या आकाराचं रबरी ठिगळ, त्याची दांडी भोकात बसते) बसवून घ्यायचा. टायर उतरवलाच आहे तर आत हात फिरवा. काळी रबराची पूड हाताला लागली तर तो टायर हवा नसताना पळवलेला आहे. बाहेरून कितीही चांगला दिसला तरी त्याची कड आतून खलास झालेली असते.

टायरमध्ये साध्या हवेऐवजी नायट्रोजन भरून घेतला तरी गळती थांबत नाही. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच.

वेगवेगळी चाकं पंक्चर होत असतील तर

इथे रस्ता दोषी असण्याची शक्यता जास्त. उद्यमबाग, मच्छे भागात रोज ये-जा असेल तर लेथवरून निघालेले कुरळे पोलादी तुकडे भंगाराच्या टेम्पोतून रस्त्यावर सांडतात. ते कडेच्या धुळीत साचतात, आणि आपण बसला वाट द्यायला नेमके कडेला जातो. निपाणी, चिकोडी, रायबाग, अथणीकडे ऊस सुरू झाला की ट्रॉल्यांमागे तारेचे तुकडे, बोल्ट, पत्र्याचे काप पडतात. शक्यतो कडेची धूळ टाळा, आठवड्यातून एकदा ट्रेडमध्ये अडकलेले खडे-खिळे बघा. खिळा दिसला तर तिथल्या तिथे उपसू नका. तो बूच म्हणून काम करतोय, तसाच दुकानापर्यंत न्या.

पण रस्ता तोच असून शेजाऱ्याची गाडी पंक्चर होत नाही आणि तुमची होते, तर टायर झिजलेले असतील. ट्रेडच्या खाचांत झीज दाखवणारे छोटे उंचवटे असतात, रबर त्यांच्या बरोबरीला आलं म्हणजे खाच १.६ मिलिमीटर उरली. टायरच्या कडेवर चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३२१९ म्हणजे २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा. वापर कमी म्हणून ट्रेड छान राहिलेला, पण रबर दगड झालेलं, अशा गाड्या आपल्याकडे पुष्कळ आहेत. मुलं पुण्या-बंगळुरूला, गाडी दारात.

रस्त्यात चाक बदलायची वेळ आली तर

निघण्याआधी स्टेपनी आहे का ते बघा. ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमानुसार टायरमधला दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असेल तर छोट्या प्रवासी गाड्यांना स्टेपनी सक्तीची नाही. त्यामुळे काही नव्या गाड्यांत डिकीचं झाकण उघडल्यावर नुसती बाटली आणि छोटा कॉम्प्रेसर निघतो. स्टेपनी असेल तर तिची हवाही महिन्यातून एकदा बघा. वर्षभर डिकीत झोपलेली स्टेपनी ऐन वेळी निम्मी बसलेली निघते.

हवा गेल्याचं जाणवलं की जोरात ब्रेक मारू नका. स्टेअरिंग घट्ट धरा, ॲक्सिलरेटर सोडा, गाडी हळू होऊ द्या. सपाट आणि कडक जागा मिळेपर्यंत पायी चालण्याच्या वेगाने थोडं पुढे गेलात तरी चालेल. टायर खराब होईल म्हणून वळणावर थांबणारे लोक बघितलेत, एका टायरपायी जीव धोक्यात. घाटात वळणाच्या अलीकडे-पलीकडे दोन्हीकडून दिसेल अशीच जागा घ्या. हजार्ड लाइट लावा. त्रिकोण निदान ५० मीटर मागे ठेवा, ४८ नंबर हायवेवर त्याहून लांब. वळण असेल तर वळणाच्या अलीकडे, म्हणजे येणाऱ्याला वळायच्या आधी कळेल. ऊस हंगामात रात्री मागे दिवा नसलेल्या जोड-ट्रॉल्या येतात, त्यांना लगेच थांबता येत नाही. माणसांना गाडीत बसवू नका, रस्त्यापासून बाजूला उभं करा.

हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, ऑटोमॅटिक असेल तर पी. पंक्चर चाकाच्या तिरक्या समोरच्या चाकाला दगड लावा. आता जॅक चढवण्याआधी नट अर्धा आटा ढिले करा. चाक हवेत गेल्यावर जोर लावलात तर चाक फिरतं आणि गाडी जॅकवरून घसरते.

नट निघतच नाहीत, हा सगळ्यात मोठा घोळ. दुकानात हवेच्या गनने कसलेले नट गाडीतल्या वीतभर पान्याने हलत नाहीत. पाना आडवा लावून त्याच्या टोकावर पायाने वजन द्या, उड्या मारू नका. कायमचा उपाय म्हणजे टायरचं काम झालं की दुकानासमोरच आपल्या पान्याने एकेक नट सोडून परत आवळून बघायचा. दुकानदार हसला तर हसू दे. गाडीत दोन फुटांचा लोखंडी पाइप ठेवला तर आणखी चांगलं.

जॅक कुठे लावायचा ते मॅन्युअलमध्ये असतं. बहुतेक गाड्यांत दाराखालच्या पट्टीवर दोन खाचा असतात, त्यांच्या मध्ये. पावसाळ्यात कडेची लाल माती भुसभुशीत असते, जॅक रुततो आणि कलंडतो. गाडीत एक फूटभर जाड फळी कायम ठेवा. जांभा चिरा दिसायला दणकट, म्हणून लोक जॅकखाली तोच सरकवतात. भार आला की चिरा कोपऱ्यातून फुटतो. चाकाला टेकण द्यायला चालेल, जॅकखाली नको. गाडी वर गेली की स्टेपनी गाडीखाली, पट्टीजवळ आडवी ठेवा. जॅक निसटला तर गाडी तिच्यावर बसेल. चाक बदलताना स्टेपनी बाहेर घेऊन काढलेलं चाक तिच्या जागी ठेवायचं. अंगाचा कुठलाही भाग गाडीखाली घालायचा नाही.

नट काढूनही चाक सुटत नसेल तर ते गंजाने हबला (चाक ज्यावर बसतं तो भाग) धरलंय. पावसाच्या भागात हे हमखास होतं. गाडीखाली शिरून ठोकू नका. नट दोन-दोन आटे परत लावा, गाडी हळू खाली उतरवा, गाडी थोडी हलवा, चाक सुटतं. मग पुन्हा वर घेऊन काढा. हबवरची पूड पुसा, स्टेपनी चढवा, नट हाताने बसवा आणि मगच पाना. आवळताना समोरासमोरचे नट आळीपाळीने. गाडी खाली घेऊन पूर्ण कसा. ५० ते १०० किलोमीटर झाल्यावर एकदा परत कसून बघा.

स्टेपनी बाकीच्या चाकांपेक्षा बारीक असेल तर तिच्यावर वेगाची मर्यादा लिहिलेली असते, बहुतेक वेळा ताशी ८० किलोमीटर. तिच्यावर गोवा करून परत यायचा विचार करू नका.

टोचन की क्रेन?

दोन चाकं गेली, रिम फुटली, किंवा स्टेपनीच नाही, तेव्हा गाडी ओढून न्यावी लागते. जवळच्या शेतातून ट्रॅक्टर येतो, साखळी निघते, आणि "चला, ओढून सोडतो" म्हणणारी चांगली माणसंही भेटतात. चिखलातून दहा फूट बाहेर काढायला ट्रॅक्टर उत्तम. रस्त्यावरून ओढायला नाही. साखळीत लवचीकपणा नसतो, प्रत्येक झटका थेट गाडीच्या सांगाड्याला बसतो. आणि लोक ती बंपरला नाहीतर सस्पेन्शनच्या दांडीला बांधतात. ओढायचा हूक जॅकच्या किटमध्ये वेगळा असतो, बंपरवरची छोटी टोपी काढून तो आत फिरवायचा. काही गाड्यांत आटे उलटे असतात. हूक पूर्ण आत गेल्याशिवाय दोर लावू नका.

दोराने न्यायचीच झाली तर मॅन्युअल गिअरची गाडी, सपाट रस्ता, जवळचं गॅरेज, एवढ्यापुरतं. दोन गाड्यांतलं अंतर पाच मीटरपेक्षा जास्त नको, दोराला मध्ये रंगीत फडकं बांधा, मागच्या गाडीवर 'ऑन टो' अशी पाटी लावा, वेग विसाच्या आसपास. मागच्या गाडीत स्टेअरिंगवर जाणता माणूस हवा आणि किल्ली ऑन हवी, नाहीतर स्टेअरिंग लॉक होतं. इंजिन बंद असल्याने एक-दोनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा कडक होतो, स्टेअरिंग जड होतं. हे आधी माहीत नसेल तर माणूस घाबरतो. म्हणूनच चोर्ला, अनमोड, तवंदी अशा घाटांत दोराचं टोचन नकोच. उतारावर दोर सैल पडतो, मागची गाडी पुढच्यावर जाते, मग एकदम ताण येऊन दोर तुटतो. बसलेल्या टायरवर तर मुळीच ओढू नका.

ऑटोमॅटिक गाडी इंजिन बंद ठेवून ओढली तर गिअरबॉक्समध्ये तेल फिरत नाही आणि आतले भाग जळतात. इलेक्ट्रिक गाडीत चाकांबरोबर मोटर फिरते. दोन्हींसाठी, आणि फोर बाय फोरसाठी, चारही चाकं वर घेणारी फ्लॅटबेड क्रेनच मागवा. पुढची चाकं उचलून नेणारी क्रेन पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांना ठीक. बोलेरो, स्कॉर्पिओ, इको या गाड्यांची ताकद मागच्या चाकांना असते, त्या पुढून उचलून लांब नेऊ नका. फोनवर बोलताना हे आधीच सांगा, नाहीतर चुकीची क्रेन येते आणि येण्याजाण्याचे पैसे तुमच्याच माथी.

फोनचं म्हणाल तर, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. कडेच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा वाचून सांगा. संकटात दोन्ही-तिन्ही राज्यांत ११२. विम्यात रोडसाइड असिस्टन्स घेतलेला असेल तर पॉलिसीवरचा नंबर आधीच फोनमध्ये साठवा, आणि किती किलोमीटरपर्यंत टोइंग फुकट ते वाचून ठेवा. सीमेवर एक गोष्ट न विसरता सांगा: तुम्ही घाटाच्या वर आहात की खाली. कणकुंबीजवळ असाल तर बेळगावची क्रेन लवकर येईल, केरीकडे उतरला असाल तर गोव्याची. नुसतं "चोर्ला घाट" म्हटलं तर क्रेन भलत्याच बाजूने निघते. घाटात रेंज जाते, पण जीपीएसला रेंज लागत नाही. नकाशावर आपल्या जागेचे आकडे कागदावर उतरवून घ्या आणि रेंजमध्ये जाणाऱ्या कुणाकडे द्या. अपघात झालेला असेल तर पोलीस आणि विमा कंपनीला कळवल्याशिवाय गाडी हलवू नका.

क्रेन आली की आधी पैसे ठरवा: कुठून कुठपर्यंत, किती, परतीचं भाडं धरून की वेगळं. गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढा, किलोमीटरच्या आकड्याचाही. मौल्यवान वस्तू आणि कागदपत्रं काढून घ्या. चढवताना क्रेनचा विंच (तारेने ओढणारं यंत्र) हळू ओढत असेल तर बसलेल्या टायरवर तेवढं अंतर चालतं. पट्टे चाकांवरून घालून चारही कोपऱ्यांत ताणायला सांगा, सस्पेन्शनला किंवा बंपरला हूक अडकवू देऊ नका. दोन-तीन किलोमीटर गेल्यावर थांबून पट्टे सैल पडलेत का ते बघायला लावा. गाडी गॅरेजला उतरली की फोटोंशी ताडून बघा आणि मगच पैसे द्या, पावती घेऊन.